कोयत्याबरोबर गेलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयाच्या वर्गणीदारांची यादी ज्येष्ठात सगळ्यांत लांब असायची आणि कार्तिकात सगळ्यांत आखूड. गाव बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासार तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे ट्रॅक्टर गावात फिरायला लागतात आणि गाळप हंगाम सुरू होईतो बहुतेक घरांना कुलपं लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी बारामती-इंदापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परतायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे. मागं राहतात म्हातारी माणसं, काही मुलं, थोडी दुकानदार-नोकरदार घरं आणि दोन खोल्यांचं आमचं वाचनालय.

मी इथं ग्रंथपाल आहे. माझं माहेरही कोयत्याचंच. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशेब मी शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकले. जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग केला, लग्नानंतर या गावी आले आणि वाचनालयाची जागा रिकामी होती म्हणून अर्ज केला. वर्गात दशांश वर्गीकरण शिकवलं, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची शिकवली, दाखल नोंदवही कशी ठेवायची ते शिकवलं. वर्षातले पाच-सहा महिने ज्याचा वाचकच गावात नसतो, ते वाचनालय कसं चालवायचं, हे मात्र आम्हाला इथंच शोधावं लागलं.

सगळ्यांत आधी डोळ्यांत भरली ती अनामत. जाण्याच्या आठवड्यात लोक वाचनालयात यायचे ते पुस्तक न्यायला नव्हे, अनामत परत मागायला. रक्कम मोठी नाही. पण मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच देणेकऱ्यांत आणि दवाखान्यात गेलेली असते, वाटेच्या मिठामिरचीला तेवढाच हातभार. अनामत परत दिली की नाव कमी होतं. पाडव्याला परत आल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा प्रवेश फी, पुन्हा अनामत. मोठी माणसं निदान वर्तमानपत्र वाचायला येत राहायची, पण मुलांचं नाव एकदा कमी झालं की सहसा कायमचं. चौथीत गोष्टींच्या पुस्तकांवर तुटून पडलेली मुलगी सहावीत वाचनालयासमोरून पाणी घेऊन जाते आणि आत पाहतही नाही. मला याचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अनुदान आणि मान्यतेचे नियम १९७० चे. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गागणिक अनुदान ठरतं. तालुक्याच्या ठिकाणी नसलेल्या आमच्यासारख्या ‘क’ वर्गाच्या ग्रंथालयाला बरीच वर्षं वार्षिक ९६,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, म्हणजे १,५३,६०० झाले. त्यातले निम्मे पगाराला आणि निम्मे पुस्तकं, नियतकालिकं, वीज, फर्निचर, बाइंडिंग, कार्यक्रम या सगळ्याला. या पैशांत संसार चालत नाही, हे महाराष्ट्रातला प्रत्येक ग्रंथालय कर्मचारी जाणतो. मी सकाळी शिवणकाम करते. पण हेही तितकंच खरं, की गाव लहान असो वा मोठं, लोकांनी स्थापन केलेल्या वाचनालयाला सरकारनं कायद्यानं अनुदान द्यायचं, ही व्यवस्था देशातल्या फार थोड्या राज्यांत इतकी खेड्यापर्यंत पोचली आहे. तिची किंमत मला कळते आणि म्हणूनच ती आमच्या लोकांपर्यंत पोचत नाही याची खंत जास्त.

अनुदानाचे नियम वारंवार वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पुस्तक किती दिवसांसाठी द्यायचं, अनामत किती घ्यायची, जामीन कुणाचा चालेल, हे त्या-त्या वाचनालयाच्या नियमावलीत असतं आणि नियमावली कार्यकारी मंडळ ठरवतं. सात दिवसांची मुदत आमच्याच वडीलधाऱ्यांनी कधीतरी लिहिली होती. मग ती बदलताही येते.

मंडळाच्या सभेत मी दोन ठराव मांडले. एक, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडून अनामत घ्यायची नाही, त्याऐवजी गावात राहणाऱ्या एका सभासदाची सही घ्यायची. दुसरा, टोळीबरोबर पुस्तकांची पेटी पाठवायची आणि परतीची मुदत गुढीपाडवा ठेवायची. पहिला ठराव लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर आमचे कोषाध्यक्ष अडून बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ग्रंथ पडताळणीत पुस्तकं कमी भरली तर जबाब कुणी द्यायचा? कारखान्यावर पुस्तकं चुलीत गेली तर? हा माणूस वाचनालयाची पावती पुस्तकं देवघरात ठेवणारा, त्यांची काळजी खरी होती. शेवटी त्यांनीच वाट काढली. पेटीत जायची ती पुस्तकं देणगीतली आणि दुबार प्रतींतली. प्रत्येकाची दाखल नोंद हवी, प्रत्येकावर वेगळा शिक्का हवा आणि देवघेव नोंदवहीत पेटीवालीच्या नावानं रीतसर नोंद हवी.

पेटीवाली हा शब्द त्या सभेतच रुजला. टोळीत दहा-बारा कोयते असतील तर त्यांची पोरंबाळंही असतात. त्यातली एखादी सातवी-आठवीतली मुलगी किंवा नुकतीच लग्न होऊन आलेली, वाचता येणारी सून. पेटी तिच्या ताब्यात. तिला एक वही द्यायची, त्यात कुणी काय नेलं ते तिनं लिहायचं.

मुकादमांना भेटणं मला सगळ्यांत अवघड वाटत होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, धान्य, शेरडं, कोंबड्या, माणसं. एक भांडं जास्त झालं तरी कुरकुर होते. आमच्या वाडीच्या मुकादमांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांना पेटी दाखवली. त्यांनी ती उचलून वजन पाहिलं आणि म्हणाले, “ताई, पोरं गुतून राहिली तर बायांचा हात मोकळा राहतुया. टाका मागच्या ट्रालीत.” त्यांना त्यांचं कारण होतं, मला माझं. पेटी गेली.

पेटीत काय ठेवायचं यावर मी सगळ्यांत जास्त विचार केला, म्हणून ते सविस्तर सांगते. ऊसतोडीच्या फडावरचं घर म्हणजे कोपी. चटया, पाचट, वरून ताडपत्री. उजेड म्हणजे चूल, मोबाइल आणि असला तर सौरदिवा. बायका पहाटे तीन-चारला उठतात, भाकरी बांधून फडात जातात. गाडी भरायची पाळी रात्री कधीही येते. अशा ठिकाणी जाडजूड कादंबरी जात नाही. पातळ पुस्तकं हवीत, अक्षर मोठं हवं, पाचदहा मिनिटांत एक गोष्ट संपायला हवी. प्रथम बुक्सची आणि नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं सगळ्यांत उपयोगी पडली. ‘किशोर’चे जुने अंक, बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते आणि आमच्याकडे देणगीत त्याचे गठ्ठेच्या गठ्ठे आलेले. टाचणीच्या पिनांना दवानं गंज चढतो आणि मधलं पान सुटतं, म्हणून मी सगळ्या पिना काढून दोऱ्यानं शिवून घेतलं. मोठ्यांसाठी हरिपाठ, तुकोबांचे निवडक अभंग, पंचांग. सातबारा कसा वाचायचा, मजुराला कोणत्या योजना लागू होतात, अशी माहिती मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून झेरॉक्स केली आणि पुठ्ठ्यात शिवली.

पहिल्या पाडव्याला पेटी परत आली तेव्हा पुस्तकांना धुराचा वास होता आणि पानापानांत पाचटाची कुसळं. काही पुस्तकं आली नाहीत. काहींची मुखपृष्ठं गेली होती. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, वाळवी-कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घातलं आणि एकेक पुस्तक दुरुस्त करत बसले. कोषाध्यक्ष शेजारी बसून यादी जुळवत होते. हरवलेली पुस्तकं त्यांनी लाल शाईनं लिहिली आणि मग पेटीवालीची वही उघडली. ती त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात नुसती देवघेव नव्हती. ‘हे पुस्तक शेजारच्या टोळीतल्या पोरांनी नेलं, ते जालन्याचे आहेत.’ ‘आज वाढे (उसाचे शेंडे) विकायला गेले म्हणून वाचलं नाही.’ ‘आईला दोन गोष्टी वाचून दाखवल्या, आई झोपली.’ पुढच्या सभेत दुसरी पेटी घेण्याचा ठराव त्यांनीच मांडला.

या वह्यांमधूनच पुढची कामं निघाली. एका वहीत मागच्या पानांवर टनांचा हिशेब लिहिलेला सापडला. एका मुलीनं आईबापांच्या रोजच्या तोडीच्या पावत्या पाहून आकडे उतरवले होते. एक कोयता दिवसाला साधारण दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो, दर टनावर आणि उचल आगाऊ घेतलेली. हंगामाच्या शेवटी फिटलं किती आणि अंगावर राहिलं किती, हे बहुतेक घरांना मुकादमाच्या तोंडून कळतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा ती आपल्या हिशेबात धरली का हे विचारायला लोक वाचनालयात आले, कारण वर्तमानपत्र तिथं होतं. आता आम्ही प्रत्येक पेटीत हिशेबाच्या रेघा आखलेली वही ठेवतो: तारीख, वजन, दर, उचल, बाकी. दसऱ्याआधी दोन संध्याकाळी ती कशी भरायची ते शिकवतो. अण्णांनी सुरुवातीला नाराजी दाखवली. नंतर त्यांच्याच सुनेनं ती वही भरायला घेतली. वाचनालयाच्या कामात हे बसतं का, असं मला एका शिक्षकानं विचारलं. माझ्या मते याहून जास्त बसणारं काही नाही. लिहितावाचता येण्याचा उपयोग माणसाला आपली कमाई मोजायला व्हायलाच हवा.

बायकांच्या बैठकीचंही तसंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गावात मात्र त्यावर कुजबुजच होती. आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पुरुषांना वेळ नाही अशा दुपारी, आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, बोलावलं. पोट दुखतं, अंगावरून जातं, तर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, दुसरं मत कुठं घ्यायचं, सिव्हिलला काय मोफत मिळतं, हे त्यांनी वाचून दाखवलं आणि बायका तासन् तास बोलत राहिल्या. त्या खोलीत जे बोललं गेलं ते तिथंच राहिलं पाहिजे, म्हणून त्या कार्यक्रमाचा फोटो आम्ही अहवालात लावला नाही. अहवालात ‘आरोग्यविषयक वाचन’ एवढंच लिहिलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या टोळ्या फडावरच अडकल्या. लाखाहून अधिक ऊसतोड कामगार तेव्हा कारखान्यांच्या परिसरात होते आणि एप्रिलच्या मध्यानंतर शासनाच्या आदेशानं त्यांना तपासणी करून गावी पाठवायला सुरुवात झाली. गावात आल्यावर शाळेत आणि शेतातल्या झोपड्यांत विलगीकरण. वाचनालय बंद ठेवायचा आदेश होता, तो आम्ही पाळला. पण पेट्या टोळ्यांबरोबरच परत आल्या होत्या आणि त्या लोकांजवळच होत्या. शाळेच्या वर्गात अंतर ठेवून बसलेली मुलं तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत होती. खिडकीतून एक पोरगी मला ओरडून म्हणाली, “ताई, ही समदी झाली, दुसरी पेटी कवा?” पुस्तकं हाताळण्याची भीती होती म्हणून दुसरी देता आली नाही. आम्ही रोज संध्याकाळी मंदिराच्या भोंग्यावरून एक गोष्ट वाचायला सुरुवात केली. म्हातारी माणसं ओट्यावर बसून ऐकायची, शेतातल्या झोपड्यांपर्यंत आवाज जायचा.

गावात मागं राहणाऱ्यांकडेही पाहावं लागतं. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवणारी मुलं आजीजवळ झोपतात. संध्याकाळी सहा ते आठ त्यांची वेळ. सुरुवातीला मी गोष्टी वाचून दाखवत असे. मग आज्याच येऊन बसायला लागल्या आणि एकीनं जात्यावरची ओवी म्हटली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मला प्रमाणपत्र वर्गातल्या सरांनी सांगितलं होतं. मी मुलींना वह्या दिल्या. आजीनं म्हणायचं, नातीनं लिहायचं. शब्द अडला तर आजीला विचारायचं, आपल्या मनानं दुरुस्त करायचा नाही. दोन हिवाळ्यांत वह्या भरल्या. त्या मी बांधून घेतल्या, त्यांना दाखल क्रमांक दिला, तालिकेत आजीचं नाव लेखिका म्हणून घातलं. अक्षर न येणाऱ्या बाईचं नाव तालिकेत आलं, तेव्हा तिची मुलं कारखान्यावर होती. परतल्यावर तिनं त्यांना हाताला धरून आणलं आणि कपाट दाखवलं.

अभ्यासिकेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यासारख्या अभ्यासिका आता सगळीकडे आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात आणि मग येऊन बसतात. आम्ही मुलींसाठी सकाळची वेळ राखून ठेवली, कारण संध्याकाळी त्यांना घरून सोडत नाहीत. एवढ्या एका बदलानं खोलीतल्या निम्म्या खुर्च्या मुलींनी भरल्या.

तपासणीच्या वेळी मला धाकधूक होती. देवघेव नोंदवहीत पाच महिन्यांची मुदत पाहून अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय? मी ठराव दाखवला, नियमावलीतली दुरुस्ती दाखवली, पेटीवार यादी दाखवली. त्यांनी एक पेटीची वही मागितली आणि उभ्यानंच वाचायला लागले. मग म्हणाले, “नोंद रीतसर आहे. टोळीतल्या मुलांची नावं बालविभागाच्या यादीतही ठेवा, ती तुमचीच वाचक आहेत.” ही सूचना फार मोलाची ठरली. आता कार्तिकात आमची यादी आखडत नाही. वाचक जिथं असेल तिथं तो आमच्या नोंदवहीत असतो.

ज्यांना आपल्या गावात असं काही करायचं आहे, त्यांनी आधी मुकादमांची आणि टोळ्यांची यादी करावी, पुस्तकांची नंतर. एकाच कारखान्यावर जाणाऱ्या दोन टोळ्यांना वेगवेगळी पुस्तकं द्यावीत, म्हणजे पेट्यांची अदलाबदल होते. पेटीला कुलूप लावू नये. हरवलेल्या पुस्तकाचा दंड घेऊ नये. एकदा दंड घेतला तर ते घर पुन्हा पेटीला हात लावणार नाही. देणगी घेताना जुनी पाठ्यपुस्तकं आणि फाटकी गाइडं नम्रपणे नाकारावीत.

सध्या आमच्यापुढं दोन अडचणी आहेत. ऊसतोडणी यंत्रं वाढताहेत, त्यामुळं टोळ्या फुटताहेत. पूर्वी एका वाडीचे लोक एकाच कारखान्यावर असत, आता तीनचार ठिकाणी विखुरतात आणि एका पेटीवर सगळ्यांचं भागत नाही. आणि कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांच्या आसपास मराठी पुस्तक मिळण्याची सोयच नसते. पहिल्या अडचणीवर आम्ही लहान पिशव्या शिवतोय, जुन्या साड्यांच्या, एका कोयत्याला एक.

याशिवाय एक काम सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयाशी चालू आहे. त्यांच्या गावाबाहेर दरवर्षी आमच्याकडच्या कोप्या पडतात. त्यांच्या कार्यवाहांना मी पत्र लिहिलं: आमचा सभासद तुमच्याकडे आला तर आमच्या ओळखपत्रावर त्याला पुस्तक द्या, हरवलं तर भरपाई आमचं वाचनालय देईल, आणि आठवड्यातून एक दिवस तुमचा माणूस कोप्यांवर पाठवता येतो का पाहा. त्यांनी ओळखपत्राची अट मान्य केली, भरपाई नको म्हणाले. कोप्यांवर जाण्यासाठी सायकलवाला एक मुलगा त्यांनी शोधला आहे, त्याच्या महिन्याच्या मानधनाचा निम्मा वाटा आम्ही उचलायचा आहे. त्यासाठी येत्या वार्षिक सभेत ठराव येईल. ओळखपत्रं मी छापून घेतली आहेत, मागच्या बाजूला त्या वाचनालयाचा पत्ता आणि उघडण्याची वेळ मोठ्या अक्षरात आहे.